सांगली माइन, जिल्हा गदग

सांगली संस्थानाचे तालुके सहा: मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. त्यांतला शिरहट्टी सगळ्यांत लांब, थेट तुंगभद्रेच्या बाजूला, गदगच्या दक्षिणेला पडलेला. त्याच्या अंगालाच कप्पतगुड्डाची डोंगररांग आहे आणि त्या रांगेत सोन्याच्या जुन्या खाणी आहेत. होसूर, कबुलायतकट्टी, अत्तिकट्टी ही नावं गावांवरून पडली. एका खाणीचं मात्र संस्थानावरून पडलं आणि भूशास्त्राच्या लिखाणात ती आजही ‘सांगली माइन’ म्हणूनच येते.

कर्नाटकातल्याच कोलारचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. तिथली खाण 3 किलोमीटरपेक्षा खोल गेली, शंभराहून जास्त वर्षं चालली आणि 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली. गदगचं क्षेत्र त्यापुढे अगदीच किरकोळ. पण सोन्याची खाण तोट्यात बुडते कशी, हे दगडातच वाचायचं असेल तर लवकर बुडालेली छोटी खाण बरी पडते. कोलारला टाकाऊ मालाच्या राशी आणि पोलादी सांगाडे एवढे मोठे आहेत की सोनं धरणारी मूळ शीर डोळ्यांपुढे येतच नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली परवानगी. कप्पतगुड्डाचा 244 चौरस किलोमीटरचा भाग 2019 पासून वन्यजीव अभयारण्य आहे. त्या हद्दीत शिरायचं तर गदगच्या वनखात्याच्या कचेरीत आधी विचारायचं, हातोडा खोलीवर ठेवायचा आणि दगड जागेवरून हलवायचा नाही. हद्दीबाहेरही परवान्याशिवाय खनिज शोधणं किंवा काढणं 1957 च्या खाण कायद्यात बसत नाही. दुसरी गोष्ट हंगाम. पावसाळ्यात आणि त्यानंतरचा महिनाभर कमरेइतकं गवत असतं आणि जुन्या खाणीचं तोंड त्यात दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी गवत वाळतं, बसतं, दगड उघडा पडतो. ओढे तेव्हा कोरडे असतात, पण आपल्याला ओढ्यात काही धुवायचं नसल्यामुळे अडत नाही.

सामान थोडंच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोरीला बांधलेला लोहचुंबक, चिनी मातीच्या फरशीचा तुकडा (खडबडीत, झिलई नसलेली मागची बाजू कामाची), एक दाभण, जाड तळाचे बूट आणि भरपूर पाणी. भूशास्त्राचे विद्यार्थी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली बाळगतात. ते 10 टक्क्यांपेक्षा कडक नको आणि बाटली आडवी ठेवायची नाही.

पहिला दिवस: गदग, लक्कुंडी

मुंबईहून सोलापूर, विजयपूर, बागलकोट मार्गे गदगला थेट गाडी येते. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांना हुबळीपर्यंत महामार्ग आणि पुढे साठेक किलोमीटर पूर्वेला, हा रस्ता सोयीचा. 1880 च्या दशकात इथवर रूळ टाकले ते दक्षिण मराठा रेल्वेने. पुढे यंत्रं आणि पारा या डोंगरापाशी आणणं परवडलं त्यात या रुळांचा वाटा मोठा.

दुपार लक्कुंडीला द्या. गदगपासून बारा किलोमीटर. देवळं तर पाहाच, पण भिंतीचा दगडही बघा. अत्तिमब्बेने 1007 मध्ये बांधवलेलं ब्रह्म जिनालय आणि पलीकडचं काशीविश्वेश्वर हे दोन्ही क्लोराइट शिस्टचे, हिरवट-करड्या मऊ दगडाचे. भिंग लावलं की बारीक हिरवे पापुद्रे एकाच दिशेला निजलेले दिसतात. हा दगड धारवाड खडकांतला, म्हणजे मूळचा लाव्हा. तो दाबाखाली आणि उष्णतेत बदलला. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ असल्यामुळेच चालुक्यांच्या पाथरवटांना एवढी बारीक कलाकुसर जमली. उद्या आणि परवा डोंगरात जो हिरवा दगड दिसणार आहे तो याच कुळातला. तो डोळ्यांत बसवून घ्यायला देवळाच्या भिंतीइतकी स्वच्छ जागा दुसरी नाही. (ओरखडा काढून बघू नका, हे सांगायला लागू नये.)

लक्कुंडी म्हणजे शिलालेखांतलं लोक्किगुंडी. इथे टांकसाळ होती आणि ‘लोक्कि गद्याण’ नावाची सोन्याची नाणी इथून निघत. त्या नाण्यांत कप्पतगुड्डाचं सोनं होतं का, यावर पैज लावायला मी तयार नाही, पण डोंगर इथून दिसण्याइतका जवळ आहे खरा.

दुसरा दिवस: डंबळ, डोणी, कप्पतगुड्ड

गदगहून मुंडरगीच्या रस्त्याने डंबळ. तारकाकृती तलविन्यासाचं दोड्डबसप्पाचं देऊळ पाहून डोणीकडे वळायचं. सपाट काळ्या रानातून डोंगर एकदम उठतो. माथ्यावरचा लालसर-काळा, पट्ट्यापट्ट्यांचा दगड म्हणजे लोहपट्ट खडक: एक थर लोखंडाच्या खनिजाचा, एक गारेचा (म्हणजे क्वार्ट्झचा), असे शेकडो पातळ थर. हा झिजत नाही म्हणून डोंगर उभा राहिला. दोन्हीकडचे मऊ शिस्ट धुऊन गेले. माथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि वारा इतका की टोपी बांधूनच फिरावं.

खडकांचं वय सुमारे 260 कोटी वर्षं. समुद्राच्या तळावर ओतलेला लाव्हा, त्यावर साचलेले गाळ, मग सगळ्याची घडी पडून उभा कललेला पट्टा. उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे जाणारा हा पट्टा पुढे चित्रदुर्गाकडे जातो. धारवाड खडकांना ते नाव दिलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रॉबर्ट ब्रूस फुट यांनी. 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधणारे तेच हे फुट. 1874 मध्ये त्यांनी डंबळच्या डोंगरांतल्या सोन्यावर स्वतंत्र टिपण छापलं. सोन्याचा शोध मात्र त्यांचा नव्हे. डोणी, सोरटूर भागातल्या ओढ्यांत जलगार लोक पिढ्यान्‌पिढ्या रेती धूत होते. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे झारेकरी असतात, त्यांच्यासारखंच काम, फक्त दुकानाच्या दारापुढच्या मातीऐवजी ओढ्यातली रेती.

धुण्याची रीत सगळीकडे जवळपास सारखी, कारण ती चालते वजनाच्या फरकावर. सोनं पाण्याच्या 19 पट जड, काळी रेती (मॅग्नेटाइट, इल्मेनाइट) साधारण पाचपट, गारेची पांढरी रेती 2.65 पट. ओढ्याचं पाणी जिथे मंदावतं तिथे जड माल आधी बसतो: वळणाच्या आतल्या कडेला, मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला आणि मुख्य म्हणजे तळच्या खडकाच्या भेगांत. वरवरची रेती भरून नेणारा रिकाम्या हाताने परततो. जलगार भेगा खरवडत आणि पूर ओसरल्यावर येत, कारण पुराने ताजा माल खाली आणलेला असे.

भरलेली लाकडी परात पाण्याखाली बुडवून आधी हाताने मळायची. चिकणमातीची ढेकळं पूर्ण विरघळेपर्यंत पुढे जायचं नाही, कारण ढेकूळ सोन्याचा कण आपल्यात चिकटवून घेऊन बाहेर जातं. मग मोठे खडे धुऊन टाकायचे. मग परात आडवी ठेवून डावी-उजवी झटपट हलवायची. जड माल तळाशी उतरतो. त्यानंतरच कड थोडी झुकवून वरची हलकी रेती पाण्याबरोबर सोडायची, पुन्हा आडवी, पुन्हा हलवणं. नवशिक्यांचं सोनं जातं ते हा मधला टप्पा गाळल्यामुळे: झुकवतात पटापट, आडवं हलवणं विसरतात. शेवटी मूठभर काळी रेती उरते. ती वाळवून चुंबक फिरवला की मॅग्नेटाइट निघून जातं. चुंबक कागदात गुंडाळावा, नाहीतर रेती त्याला कायमची चिकटते. अगदी बारीक कण हाताने वेचता येत नाहीत, म्हणून धुणारे पाऱ्याचा थेंब घालून मळत आणि मग पारा उडवत. पाऱ्याची वाफ फुप्फुसांतून थेट रक्तात जाते. या पायरीची नक्कल कुणी कुठेही करू नये.

सराव घरच्या टबात होतो. छऱ्याच्या बंदुकीतले शिशाचे दहा छर्रे हातोडीने चपटे करा, रेतीत मिसळा, धुवा, उरलेले मोजा. शिसं सोन्याहून पुष्कळ हलकं, त्यामुळे दहापैकी दहा छर्रे परत मिळायला लागले की हात बसला समजा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे.

बारीक कणांचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. बाजू 0.1 मिलिमीटर असलेला सोन्याचा ठोकळा भरतो 0.019 मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला सुमारे 52,000 कण, तोळ्याला सहा लाख. जलगार श्रीमंत का नव्हते, हे एवढ्यात कळतं.

ओढ्यात पिवळं चमकणारं बहुधा सोनं नसतं. कुजलेला अभ्रक सोनेरी दिसतो, पण पाण्यात पानासारखा भिरभिरत वर येतो आणि दाभणाने टोचला की पापुद्रे सुटतात. पायराइट (लोखंड आणि गंधकाचं पिवळं खनिज) फरशीच्या मागे घासलं तर रेघ हिरवट-काळी उमटते आणि दाभणाखाली ते फुटतं. सोन्याची रेघ पिवळी; दाभणाने ते दबतं, तुटत नाही. आणखी एक खूण फार उपयोगी: सावलीत नेऊन बघा. पायराइट आणि अभ्रक कोन बदलला की विझतात, सोनं सावलीतही तितकंच पिवळं दिसतं.

तिसरा दिवस: जुन्या खाणींच्या वाटेवर

गदगच्या दक्षिणेला कबुलायतकट्टी आणि अत्तिकट्टीच्या बाजूला निघायचं. स्थानिक वाटाड्या घ्याच. तो कुठे जायचं हे सांगतो त्याहून कुठे पाय टाकायचा नाही हे सांगतो, म्हणून त्याचं महत्त्व.

जुनी खणाई ओळखायची ती पांढऱ्या गारेच्या फुटक्या तुकड्यांवरून. आजूबाजूला सगळा हिरवट-तपकिरी शिस्ट आणि मध्येच गारेचा सडा. त्याच्या रेषेत लांबट, अरुंद, अर्धवट बुजलेले चर. ही रेषा पट्ट्याच्या दिशेनेच धावते, कारण शिरा खडकाच्या फाटलेल्या, घसरलेल्या पट्ट्यांत बसल्या आहेत. कित्येक किलोमीटर खोलीवरून 300 अंशांच्या आसपासचं गरम पाणी या फटींतून वर चढलं. त्यात सोनं गंधकाच्या सोबतीने विरघळलेलं होतं. लोखंडाने भरलेला दगड भेटला की गंधक लोखंडाकडे जाऊन पायराइट व्हायचं, आणि सोबती गेल्यावर सोनं पाण्यात राहू शकत नाही, तिथल्या तिथे खाली बसतं. फट मध्येच उघडून दाब एकदम उतरला तरी हेच होतं.

म्हणून सगळी गार सारखी नसते. दुधासारखी पांढरीशुभ्र, जाडजूड गार डोळ्यांत भरते आणि बहुतेक वेळा वांझ असते. हवी ती करड्या-निळसर झाकेची, काळ्या बारीक रेघांची गार. प्रत्येक रेघ म्हणजे फट पुन्हा एकदा उघडल्याची खूण, आणि जितक्या वेळा उघडली तितक्या वेळा माल आला. शिरेला लागून दगड गंजल्यासारखा तपकिरी झाला असेल तर तो अँकेराइट, लोखंडयुक्त कार्बोनेट. साध्या कॅल्साइटसारखा तो थंड ॲसिडने फसफसत नाही, पूड केली तर हळूहळू बुडबुडे येतात. चौकोनी पोकळ्यांची लालसर जाळी दिसली तर तिथे पूर्वी पायराइटचे घन होते. ते गंजून वाहून गेले आणि साचा राहिला.

या पोकळ्यांमध्ये गदगच्या खाणींची अर्धी कथा आहे. भूजलाच्या पातळीच्या वर हवा-पाण्याने पायराइट आणि आर्सेनोपायराइट (त्याचंच आर्सेनिक असलेलं भावंड) कुजतं, त्यात अडकलेलं सोनं सुटं होतं. असा माल फोडायला सोपा, धुवायला सोपा. प्राचीन खणणाऱ्यांनी तोच काढला: दगडाला आगीने तापवायचं, पाण्याने फोडायचं, दगडी उखळांत कुटायचं. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला त्यांनी 600 फुटांखाली मजल मारली होती. इथे शिरा बारीक, त्यामुळे बहुतेक चर उथळच राहिले. पाणी लागलं आणि ताजं, न कुजलेलं खनिज सुरू झालं की ते थांबत. हे थांबणं अडाणीपणाचं नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भांडवलावर कंपन्या आल्या. कोलारच्या लाभांशाने बाजार तापला होता आणि ‘जुन्यांनी खणलंय म्हणजे खाली सोनं आहे’ एवढ्यावर शेअर खपत. 1906 मध्ये भूशास्त्रज्ञ माल्कम मॅक्लेरन यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी दक्षिणेतल्या सोन्याच्या क्षेत्रांचा आढावा घेतला तेव्हा इथलं काम नवं होतं. पहिलं महायुद्ध पेटायच्या आत इथली धांदल बहुतेक ओसरली.

अडलं कुठे? एक, शिरेची रुंदी. उदाहरणादाखल धरा: शीर 30 सेंटिमीटर, कस टनाला 10 ग्रॅम. माणसाला उभं राहून छिद्रं पाडायला 1.2 मीटर जागा लागते, म्हणजे शिरेबरोबर तिप्पट वांझ दगड निघणार आणि माल कुटायच्या गिरणीत पोचेपर्यंत कस उरणार टनाला 2.5 ग्रॅम. त्यातलं 70 टक्के हाती लागलं तर पावणेदोन ग्रॅम. तेव्हा सोन्याचा भाव बांधलेला होता, औंसाला सव्वाचार पौंडांच्या आसपास, म्हणजे ग्रॅमला साधारण दोन रुपये. टनामागे साडेतीन रुपयांत खणणं, वर ओढणं, पाणी उपसणं, कुटणं आणि लंडनच्या संचालकांचे पगार. खर्च वाढला तर भाव वाढवून भरून काढायची सोय नाही. कोलारला 1902 पासून शिवनसमुद्रची वीज मिळाली. इथल्या छोट्या खाणींच्या दाराशी तसलं काही आलं नाही.

दोन, शिरा भिंगाच्या आकाराच्या. थोडं अंतर फुगतात, मग दोरीएवढ्या होतात, मग नाहीशा. पुढचं भिंग बाजूला सरकून सुरू होतं. कोलारची चॅम्पियन शीर किलोमीटरच्या किलोमीटर सलग चालते. इथे दर थोड्या अंतरावर शोध नव्याने घ्यावा लागे, आणि त्या शोधाच्या बोगद्यांतून सोनं येत नाही, नुसता खर्च येतो. नमुना घेणंही अवघड: सोनं ठिपक्याठिपक्यांनी असल्यामुळे एका मुठीत 40 ग्रॅमचा कस, शेजारच्या मुठीत शून्य. चांगली दिसणारी ढेकळं वेचून कस काढला की कागदावर खाण फार सुंदर दिसते.

तीन, आणि माझ्या मते हेच मुख्य: आर्सेनोपायराइट. गदगच्या मालात ते भरपूर आहे. ताजा तुकडा चांदीसारखा चमकतो आणि हातोड्याच्या ठोक्याने लसणासारखा वास येतो. त्या काळची गिरणी म्हणजे दर मिनिटाला 90-100 वेळा पडणारी, प्रत्येकी चार-पाचशे किलोची लोखंडी मुसळं. कुटलेला माल पाण्याबरोबर पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहायचा आणि सुटं सोनं पाऱ्याला धरायचं. आर्सेनोपायराइटच्या पोटातला कण पाऱ्याला शिवतच नाही. शिवाय आर्सेनिक आणि गंधकाने पारा काळवंडतो, त्याच्या बारीक गोळ्या होतात आणि त्या धरलेलं सोनं घेऊनच वाहून जातात.

मग पत्र्यांवरून पुढे गेलेला गाळ सायनाइडच्या टाक्यांत. ही रीत 1887 मध्ये मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी पेटंट केली. अत्यंत पातळ द्रावण, हजारात एक भाग किंवा त्याहून कमी, काही दिवस मुरू द्यायचं, मग जस्ताच्या कीसावर सोनं उतरवायचं. चुना कमी पडला तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू उठतो, म्हणून द्रावण कायम अल्कधर्मी ठेवतात. अर्धवट कुजलेला पायराइटचा माल मात्र चुनाही खातो आणि सायनाइडही. इतकं करूनही द्रावण बंद स्फटिकाच्या आत शिरत नाही. आधी भट्टीत भाजून आर्सेनिक आणि गंधक उडवलं तरच सोनं उघडं होतं. त्याला भट्टी, जळण आणि विषारी धुराची सोय हवी. वरच्या कुजलेल्या थरातला माल बघून गिरणी मागवायची आणि ती उभी राहीपर्यंत खाणीने भूजलाची पातळी ओलांडलेली असायची, हा घोटाळा जगभर झाला आहे.

जुन्या खाणीच्या तोंडापाशी थांबा, आत जाऊ नका. बोगदा उघडा दिसला तरी नाही. आधाराची लाकडं शंभर वर्षांत वाळवीने संपलेली असतात. पायराइट कुजताना हवेतला प्राणवायू खातं, त्यामुळे आतली हवा निर्जीव होते. वास येत नाही, धाप लागत नाही, माणूस सरळ पडतो. आणि त्याला काढायला गेलेला दुसरा. उभ्या विहिरीची कड सर्वांत फसवी: वर झुडूप, खाली पोकळी. कडेपासून निदान पाच मीटर लांब राहावं. करड्या, बारीक, काहीच न उगवलेल्या गाळावर बसून डबा खाऊ नये. आर्सेनिक तिथेच राहतं. खाणीलगतच्या डबक्याचं पाणी जनावरालाही पाजू नये.

चौथा दिवस: शिरहट्टी, मागडी, परत

शिरहट्टीत फकीरेश्वर मठ आहे, हिंदू-मुसलमान दोघांचा. 1948 मध्ये सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, 1956 मध्ये धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि 1997 मध्ये त्यातून गदग जिल्हा निघाला. खाणीचं नाव मात्र कुणी बदललं नाही. आठ-दहा किलोमीटरवर मागडीचा तलाव आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब हंस उतरतात. पुढे लक्ष्मेश्वर, पूर्वीच्या मिरज थोरल्या पातीच्या संस्थानातलं गाव. सोमेश्वराचं देऊळ त्याच हिरवट दगडातलं मिळतंय का, हे भिंग काढून बघा.

सोन्याचे भाव चढले की गदग पुन्हा खणायची चर्चा निघते. सर्वेक्षणाने इथे पुढच्या काळात विंधण छिद्रंही घेतली. आजच्या भावाला टनामागे दोन-तीन ग्रॅम कस हिशेबात बसू शकतो आणि आर्सेनोपायराइट फोडण्याच्या रीतीही सुधारल्या आहेत. अभयारण्याच्या हद्दीत खाणकाम चालत नाही, त्यामुळे सगळा वाद आता हद्दीची रेघ आणि तिच्याभोवतीचा पट्टा कुठवर, यावर येऊन ठेपतो.

लक्ष्मेश्वरहून हुबळीला सरळ रस्ता आहे. गदगला परत फिरायची गरज नाही.